पाच नंबरचा हात

७ जानेवारी २०१९, सोमवार

आज श्यामला मॅडमनी आम्हा अकरा जणांना दोन-दोन वह्या दिल्या. निळ्या वहीत मोजलेलं लिहायचं, लाल वहीत वाटलेलं. "निळी मी दर शनिवारी तपासणार. लाल कुणीही वाचणार नाही, तेव्हा तिच्यात उगाच शहाणपणा करू नका." मॅडम वीस वर्षं कारखान्यांत डॉक्टर होत्या. त्यांचं बोलणं आधी टोचतं, औषध नंतर.

तर शहाणपणा न करता लिहितो. मला या प्रशिक्षणाची गरज काय, ते कळलेलं नाही. माझी पीएच.डी. सेन्सरवर आहे. मनगटावर घड्याळासारखा बांधायचा पट्टा मी तयार केलाय. हात किती वेळा आणि किती जोरात हलला, ते तो नोंदवतो. पण नियम असा, की कामगारांच्या आरोग्यावर आणि सुरक्षिततेवर पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकानं सहा महिने दुसऱ्या शाखेच्या माणसाबरोबर जोडीनं काम करायचं. वर्गात दोन डॉक्टर आहेत, एक वकील, एक रसायनशास्त्रवाली, आणि समाजशास्त्राचे एक गृहस्थ, ज्यांना प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरावा लागतो.

माझी जोडीदार मैना कामठे. फिजिओथेरपिस्ट. कात्रजच्या पलीकडे, आता महापालिकेत आलेल्या गावची. नाव आजीचं ठेवलंय, हे मी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं.

"तुम्ही काय मोजता?" तिनं विचारलं.

"मनगटाची हालचाल. सेकंदाला शंभर नोंदी."

"आणि माणसाला काय विचारता?"

"कशाबद्दल?"

ती हसली. विनोद कुठे झाला, कळलं नाही.

९ जानेवारी, बुधवार

मॅडमचा गृहपाठ: घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावरची, निरीक्षक कधी फिरकत नाही अशी कामाची जागा शोधा. मी कर्वेनगरचे गॅरेजवाले, सुतार, झेरॉक्सवाले अशी यादी करून नेली. मैनाचं लक्ष माझ्या डब्याकडे.

"या पोळ्या कोण करतं?"

"गल्लीतलं पोळी-भाजी केंद्र. आई शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज दहा पोळ्या."

"किती बायका आहेत तिथं?"

माहीत नव्हतं. हिशोब केला: सहा वर्षांत आमच्या घरानं जवळजवळ बावीस हजार पोळ्या खाल्ल्यात, आणि काउंटरच्या पलीकडे काय आहे ते मी एकदाही पाहिलेलं नाही. याचं मलाच नवल वाटलं. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, विजेवर चालणारी जागा असली तरी दहापेक्षा कमी माणसं असतील तर ती सहसा कारखाना धरली जात नाही. म्हणजे बावीस हजार पोळ्या कायद्याच्या लेखी कुठे झाल्याच नाहीत.

११ जानेवारी, शुक्रवार

केंद्राच्या मालकीणबाई सरोजिनीकाकू मला ओळखतात. ("दहा पोळ्या, घडी न मोडता, आईला कडक चालत नाही.") नवरा गेल्यावर एका स्टोव्हवर सुरुवात केली, तेव्हापासून एकोणीस वर्षं झाली. त्यांनी अभ्यासाला लगेच होकार दिला आणि माझ्याकडून लोणच्याची बरणी उघडून घेतली. मालकिणीचा रुबाब.

आत सहा बायका. दाराशी कणीक, मग दोन तवे, मग खिडकीपर्यंत लाटणाऱ्या तिघी. दाराकडून खिडकीकडे एक ते सहा असे क्रमांक मी दिले. नावं लिहायची नाहीत, गोपनीयता म्हणून. कणकेचं यंत्र पाहून फार बरं वाटलं. दीड वर्षापूर्वी घेतलंय, पाच किलो पीठ बारा मिनिटांत. ज्यानं कुणी घ्यायला लावलं त्याला बायकांच्या हातांची कणव असणार, असं निळ्या वहीत लिहिलं.

संमतीपत्रांवर सह्या झाल्या. "सदर अभ्यासातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून" वगैरे मी मोठ्यानं वाचलं. काकू शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "करा गं सह्या पटापट, भाजी लागेल." पाच मिनिटांत सहा सह्या. मैना म्हणाली, फारच पटकन झालं. मी म्हटलं, सहकार्य चांगलं आहे.

१५ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

गुळाच्या पोळ्यांची गर्दी. पाच नंबर म्हणजे तुळजाबाई, चव्वेचाळीस वर्षांच्या, सोलापूरकडच्या, कॅनॉलच्या पलीकडे राहतात. त्यांचं लाटणं मी तासभर बघत बसलो. गोळा, छोटी पुरी, तेल, पिठाची चिमूट, दोन घड्या, मग लाटणं फिरतं तसतशी पोळी स्वतःच गोल फिरते. हात तिला लावावाच लागत नाही. हे कसं होतं? दाब डाव्या कडेला किंचित जास्त पडत असावा. घरी येऊन आईच्या पोळपाटावर करून पाहिलं. आई म्हणाली, "हा कोणत्या देशाचा नकाशा?"

साध्या दिवशी तुळजाबाई चारशेऐंशी पोळ्या लाटतात. एका पोळीला लाटण्याच्या सरासरी अठ्ठावीस फेऱ्या. दिवसाला तेरा हजारांच्या वर. हा आकडा पुन्हापुन्हा तपासला.

२२ जानेवारी, मंगळवार

मुठीची ताकद मोजायचं यंत्र नेलं आणि दुपारच्या सुट्टीत जत्राच भरली. तव्यावरच्या सोजरबाई (नंबर तीन, आवाज नंबर एक) दात-ओठ खाऊन दाबत होत्या आणि काटा चढला की टाळ्या. "माझ्या मालकाला आणते उद्या, त्याचा किती भरतो बघू!" काकूंना म्हटलं, तुम्हीही दाबा. "मी मालकीण, मला कशाला ताकद?" असं म्हणून त्या काउंटरवर गेल्या.

एक गंमत: तुळजाबाईंचा डावा हात उजव्यापेक्षा बराच जास्त भरला. त्या डावखुऱ्या नाहीत. "सोलापुरात असंच असतंय," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही. मैना हसली नाही, पण तिची विनोदबुद्धी वेगळी आहे.

२ फेब्रुवारी, शनिवार

पाच नंबरचा सेन्सर बिघडलाय. बाकीच्यांच्या नोंदी स्वच्छ, एकसारख्या लाटा. पाचव्यात दर चार-पाच मिनिटांनी तीन-चार जोरदार उसळ्या, लाटण्याशी काही संबंध नसलेल्या. वायर सैल असणार.

४ फेब्रुवारी, सोमवार

वायर बदलली. उसळ्या तशाच.

६ फेब्रुवारी, बुधवार

पाच आणि सहाचे पट्टे आपसात बदलले. उसळ्या पुन्हा पाचवरच! म्हणजे पट्ट्यात दोष नाही. मग त्या जागेत आहे? खिडकीशेजारी बाहेर मिक्सरची तार आहे, तिचा परिणाम? आज दोन तास तारेमागे होतो. तुळजाबाईंनी विचारलं, "दादा, हा पट्टा डाव्या हाताला बांदला तर न्हाई का चालायचं?" म्हटलं, नाही, प्रयोगात बदल चालत नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

मी लॅपटॉपपाशी, मैना ओट्यासमोर स्टुलावर नुसती बसलेली. मी ओरडलो, "आत्ता आली बघ उसळी!" पाच मिनिटांनी पुन्हा, "आली!" तिसऱ्यांदा ती उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "यज्ञेश्वर, यंत्र बरोबर आहे. ती हात झटकतेय."

"म्हणजे?"

"हाताला मुंग्या येतात. बधिर होतो. माणूस थर्मामीटर झटकतो तसा झटकतो, जरा बरं वाटतं, पुन्हा कामाला लागतो. मनगटातली नस दाबली जातेय. आमच्याकडे ही खूण पहिल्या वर्षाला शिकवतात."

मी खिडकीकडे बघितलं. तुळजाबाईंनी हात खाली नेला, तीनदा झटकला, पदराला पुसल्यासारखं केलं आणि पुढचा गोळा घेतला. गेला महिनाभर हे माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी वायरी बदलत होतो.

पण मग असा आनंद झाला की काय सांगू! माझा पट्टा बधिर हात ओळखतो. बाई तोंडानं बोलायच्या आधी ओळखतो. हे आजवर कुणी केलं असेल असं वाटत नाही. शोधनिबंध नक्की. कदाचित प्रबंधाचा गाभाच.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

मैनानं तुळजाबाईंना घरी जाऊन विचारलं. आधी कबूलच होईनात. मग सांगितलं: सकाळी केस विंचरताना फणी पडते, चहाचा कप डाव्या हातानं धरावा लागतो. मैना म्हणते, नसेची तपासणी लवकर व्हायला हवी. तुळजाबाई म्हणाल्या, होळी होऊ दे. आणि केंद्रात कुणाला सांगू नका.

"कुणालाच नाही," मैनानं मला बजावलं.

"नाव मी लिहितच नाही," मी म्हटलं. "नुसता क्रमांक आहे."

१ मार्च, शुक्रवार

आलेख इतका देखणा झालाय! सहा रंगांच्या सहा रेघा; पाच सरळ, एक उसळ्यांची. पोळ्या आणायला गेलो तेव्हा छापलेला कागद पिशवीत होता. काकूंनी इतकं सहकार्य केलंय, त्यांना काहीतरी दाखवायला हवं, असं वाटलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला.

"ही लाल रेघ अशी का?"

हाताच्या नसेवर दाब आला की असं होतं, मी समजावलं. पकड कमी होते, वस्तू हातातून निसटते. त्यांनी फार शांतपणे, मन लावून ऐकलं. सामान्य माणसाला विज्ञान समजावून सांगता येतं, फक्त वेळ द्यावा लागतो. निघताना त्या कागदाकडे बघत बोटानं काहीतरी मोजत होत्या.

५ मार्च, मंगळवार

पाचवी जागा रिकामी. काकू म्हणाल्या, तुळजाबाईंना विश्रांती घ्यायला सांगितलंय, हात बरा होईपर्यंत. आमच्या संशोधनाचा हा पहिला प्रत्यक्ष परिणाम! मैनाला फोन केला, तिनं उचलला नाही. निळ्या वहीत नोंद केली.

६ मार्च, बुधवार

सकाळी केंद्राबाहेर सोजरबाईंनी गाठलं. पिशवी जमिनीवर ठेवून, दोन्ही हात कमरेवर.

"काय वो शिकलेले, विश्रांती म्हंजे काय असती ठाव हाय का?"

"काकू म्हणाल्या, हात बरा होईपर्यंत..."

"कामावरनं काढलंय तिला. होळीच्या तोंडावर. घरात तीच एकटी कमावती हाय. तुमच्या कागदावर पाच नंबर लिवलंय, आन् दारापासनं पाचवी कोन उभी ऱ्हाते ते शेंबडं पोर बी सांगंल."

ओट्यावरचे क्रमांक. मीच दिले होते, उभं राहायच्या जागेवरून.

पोळ्या न घेताच घरी आलो. आईनं विचारलं तर केंद्र बंद आहे असं सांगितलं.

७ मार्च, गुरुवार

मैना माझ्याशी बोलत नाही. मॅडमकडे एकटाच गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. त्यांच्या बाबतीत हे वाईट लक्षण आहे.

"सह्या घेताना मालकीणबाई कुठे होत्या?"

"तिथेच. शेजारी."

"आणि तुला ते चाललं."

"मला वाटलं, सहकार्य..."

"तुझं यंत्र चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "कारखान्यात मी असे चांगले अहवाल खूप पाहिले. माणसाचा आजार आधी मालकाला कळतो, मग माणसाला, आणि मग माणूस दाराबाहेर असतो. म्हणूनच तर इंजिनिअरला फिजिओथेरपिस्टशेजारी बसवतोय आम्ही. तिनं तुला सांगितलं होतं ना, कुणाला बोलू नकोस म्हणून?"

"हो."

"मग ऐकलं का नाहीस?"

उत्तर मला माहीत होतं. पट्टा माझा, आलेख माझा, म्हणून शोधही माझाच, असं वाटत होतं. तेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. नीतिसमितीला मीच लेखी कळवायचं ठरलं. अभ्यास आजपासून बंद. प्रशिक्षणातून नाव काढायचं की नाही, तेही समिती ठरवेल.

९ मार्च, शनिवार

मैना सकाळी फोनवर एवढंच म्हणाली, "मी तुळजाबाईंकडे चाललेय. यायचं तर ये."

कॅनॉलवरून पुढे, पत्र्याची खोली, दारात कोरफड. तुळजाबाईंनी मैनाला आत घेतलं. मी उंबऱ्याबाहेर. माफी मागितली. रात्रभर पाठ केलेली सगळी वाक्यं तिथे भलतीच पुस्तकी वाटली.

"दादा," त्या म्हणाल्या, "हात दुखतोय हे मी दीड वरीस लपवलं. नवऱ्याला सांगितलं न्हाई, पोरीला सांगितलं न्हाई. तुमी एका कागदावर सांगितलं."

मग मैना त्यांचा हात मांडीवर घेऊन बोटं तपासत म्हणाली, "दीड वर्ष? त्याआधी काहीच नव्हतं? लाटताय तर दहा वर्षं."

"न्हाई. ते मशीन आलं तवापासनं."

मला राहवलं नाही. "कणकेचं यंत्र? पण त्यानं तर श्रम कमी झाले."

"मळनारीचे झाले. मशिनात सैल कनीक चिकटती, म्हनून घट्ट मळायची. आन् मळली की लगीच गोळे. घट्ट कनीक लाटायला जोर कुनाला लागतो? पुरनाच्या पोळीला सैल असती, तवा हात गप ऱ्हातो. कुनाला बी इचारा."

दोन महिने सेकंदाला शंभर नोंदी. हे वाक्य त्यांत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. लाज वाटत होती, आणि त्याच वेळी डोक्यात प्रश्न सुटला होता: घट्टपणा किती, जोर किती पटींनी वाढतो, तासभर झाकून ठेवली तर किती उतरेल? असल्या वेळी असलं सुचावं याचीही लाज वाटली. पण सुचत होतं, हे खरं.

परत येताना मैना म्हणाली, "आता जे डोक्यात चाललंय ते तिच्या हातासाठी वापर, निबंधासाठी नको." माझ्या चेहऱ्यावर इतकं लिहिलेलं असतं हे माहीत नव्हतं.

११ मार्च, सोमवार

समितीला पत्र दिलं. दोन पानी होतं. मॅडमनी "अनवधानाने" हा शब्द तीन ठिकाणी खोडला. आता दीड पान आहे.

१४ मार्च, गुरुवार

काकूंना भेटलो. म्हटलं, तो कागद तुम्हाला दाखवायचा मला अधिकार नव्हता. तुळजाबाईंना परत घ्या.

"अधिकार नव्हता तर दाखवलास कशाला? मी काही मागायला आले नव्हते." काकू पोळ्या मोजत होत्या, थांबल्या नाहीत. "आता मला कळलंय की तिच्या हातातून वस्तू पडते. उद्या तव्यावर पडली, भाजली, तर येशील का आलेख घेऊन? मी तिचं वाईट करत नाहीये. तुझ्याच कागदावरून वागतेय."

मी कणकेचं सांगितलं: थोडं पाणी जास्त, वर मळून तासभर झाकून ठेवायची. घरीही आपण तसंच करतो.

"म्हणजे साडेसहाला येऊन मशीन कोण लावणार? आणि सैल कणीक मशिनाच्या भांड्यातून खरवडणार कोण? तू?"

"शिकवलंत तर," मी म्हटलं.

"दहा ना?" काकूंनी पुडी पुढे केली.

२० मार्च, बुधवार. होळी

अभ्यास बंद, तेव्हा हे केवळ गिऱ्हाईक म्हणून पाहिलेलं.

पुरणपोळ्यांची अडीचशेची ऑर्डर आणि लाटणाऱ्या दोघीच. सोजरबाईंनी सकाळीच सांगून टाकलं म्हणे, की तुळजाचं काम आम्ही वाटून घेणार नाही. तिची जागा तिचीच ठेवा, मग बघू. काकू चिडून स्वतः पाचव्या जागी लाटायला उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांपूर्वी सगळं त्या एकट्याच लाटत, हे मी विसरलोच होतो. हात अजून काय सफाईदार! पण अर्ध्या तासातच लाटणं ठेवलं आणि मागच्या मोरीत जाऊन नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ. आत फार उकडतं, एक पंखा तरी बसवायला हवा. बाहेर आल्या, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "काय बघतोस? त्या मैनाला फोन लाव. म्हणावं, तुळजाची तपासणी करून आण. जागा कुठे पळून चालली नाही."

मला फार आनंद झाला. परवाचं माझं म्हणणं त्यांना पटलं असावं. मैनाला फोनवर मोरीपर्यंतचं सगळं वर्णन सांगितलं. ती म्हणाली, "काकूंनाही एकदा घेऊन जायला हवं." मी म्हटलं, उकाड्यासाठी डॉक्टर कशाला?

२९ मार्च, शुक्रवार

तुळजाबाईंच्या हाताची लहानशी शस्त्रक्रिया झाली. मैना बरोबर होती. सहा आठवडे लाटणं बंद. तोवर काउंटरवर बसून ऑर्डरी घ्यायच्या, असं काकूंनी ठरवलं. पहिल्याच दिवशी तुळजाबाईंनी एका गिऱ्हाईकाला "दोन मिनिटं थांबलात तर पोळी मऊ मिळंल, नाहीतर समोर पाव मिळतोय" असं सुनावलं. पुण्याची हवा बाधलेली दिसते.

३ एप्रिल, बुधवार

समितीचा निर्णय. प्रशिक्षणात राहता येईल. सहा महिन्यांऐवजी वर्षभर, आणि पुढच्या तुकडीसमोर हे प्रकरण मी स्वतः सांगायचं. गोळा केलेल्या नोंदी वापरायच्या तर प्रत्येकीची नव्यानं संमती घ्यायची. मालकीण आसपास नको, कागद साध्या भाषेत. जी नाही म्हणेल तिच्या नोंदी पुसायच्या.

नवा कागद मी आणि मैनानं मिळून लिहिला. माझा पहिला खर्डा तिनं आजीला वाचून दाखवला. आजी म्हणाली, "ह्यो काय जमिनीचा कागद हाय का?" चौथा खर्डा आजीला कळला.

२२ एप्रिल, सोमवार

काकूंनी शेवटी शिकवायचं कबूल केलं. रोज सकाळी साडेसहाला केंद्रात. यंत्राचं भांडं खरवडतो. सैल कणीक खरंच भयंकर चिकटते. कोपरापर्यंत हात भरतात. नवी संमती होईपर्यंत निळ्या वहीत काही लिहायचं नाही, अशी अट आहे, म्हणून लाल वहीत: तासभर झाकून ठेवलेली कणीक बोटानं दाबली तर खळगा हळूहळू भरून येतो, न झाकलेलीत तसाच राहतो. का? पिठाच्या रसायनावर वर्गातली रसायनशास्त्रवाली अर्धा तास बोलली. सगळं नवीन. सहा नंबर (नाव विचारलं: मंगल) म्हणते, संध्याकाळी खांदा पूर्वीइतका भरून येत नाही.

१७ मे, शुक्रवार

आज संमतीचा दिवस. केंद्रात नाही, सोजरबाईंच्या घरी, दुपारी. मैनानं एकेकीला वेगळं बसवून कागद वाचून दाखवला. मी बाहेर ओट्यावर. चौघी हो म्हणाल्या. सोजरबाईंनी आधी बारा प्रश्न विचारले, मग त्याही हो म्हणाल्या.

शेवटी तुळजाबाई. मैनानं मलाही आत बोलावलं. हातावरचा टाक्यांचा व्रण पुसट झालाय. त्या लाटायला लागल्यात, आठवड्यापासून, अर्धा वेळ.

"न्हाई म्हनता येतंय, खरंच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग काय बी होनार न्हाई? तुमचं शिक्षन?"

माझ्या प्रबंधाचा गाभा त्या लाल रेघेत होता. ती गेली, तर उरतात पाच सरळ रेघा. त्यांत सांगण्यासारखं काही नाही. हे सांगावं असं जिभेच्या टोकावर आलं. समजावून सांगितलं असतं तर त्या बहुधा हो म्हणाल्या असत्या. मैना माझ्याकडे बघत नव्हती, मुद्दाम.

"माझं मी बघेन," मी म्हटलं.

"मग न्हाई."

मी लॅपटॉप उघडला. आधी नीतिसमितीच्या नियमाप्रमाणे प्रती कुठे कुठे आहेत ते दाखवलं: तीन ठिकाणी. त्या जवळ सरकल्या.

"ही मी?"

"हो. आठ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजल्यापासून."

त्यांनी बराच वेळ त्या रेघेकडे पाहिलं. एका उसळीवर बोट ठेवलं. "हितं झटकला," त्या म्हणाल्या. मग दुसरीवर. "हितं बी." मोजल्यासारखं करत त्या पार शेवटापर्यंत गेल्या. "कंचं बटन?"

मी दाखवलं. त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्यानं दाबलं. तीन ठिकाणी, तीनदा.

"गेलं?"

"गेलं."

पुन्हा एकदा पडद्याकडे बघून त्यांनी खात्री केली. मग भिंतीला टेकून, पाय पसरून, ऐसपैस बसल्या आणि सोजरबाईंना चहा टाकायला सांगितला.

"हां, आता इचारा," त्या मला म्हणाल्या. "यंत्र नका लावू. तोंडानं इचारा, मी तोंडानं सांगते. वाटलं ते लिवून घ्या, लिवलेलं मला वाचून दाखवा."

माझ्याकडे एकही प्रश्न तयार नव्हता. मैनानं पेन पुढे केलं. शेवटी जानेवारीपासून मला खरोखर जाणून घ्यायचं होतं ते विचारलं: लाटताना पोळी आपोआप कशी फिरते?

"आपोआप?" तुळजाबाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "दोन वरसं सासूनं माझ्या पोळ्या म्हशीला घातल्या, तवा कुठं ती आपोआप फिरायला लागली. लिवा. पयल्यापासनं सांगते."